जांभळा दोरा

मामांच्या स्वयंपाकघरात फडताळावर डाळी-तांदळाच्या डब्यांच्या जोडीला ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उभ्या असायच्या. प्रत्येक गुंडाळीत कापसाच्या नाहीतर ज्वारीच्या बिया ओळीनं मांडलेल्या आणि वरून रबर लावलेलं. उगवण किती होते ते बघायची ती पद्धत. मामी चहाचं आधण ठेवता ठेवता त्यांच्यावर पाणी शिंपडायची. काही दिवसांनी मामा जेवणाआधी त्या गुंडाळ्या पाटावर उलगडायचे. आत पांढरे, लांब, गिळगिळीत मोड आलेले असायचे. मामा चिमट्यानं एकेक उचलायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे, हा बरा, हा बरा, हा वाकडा. वाकडे मोड ते एका बशीत ठेवायचे आणि ती बशी जेवण होईपर्यंत आमच्या ताटांशेजारी तशीच राहायची. भाकरी मोडताना तिच्याकडे बघायचं नाही असं मी रोज ठरवायचे आणि रोज बघायचे. त्या घरात काहीही खाल्लं तरी मागून ओल्या कागदाचा वास यायचा. आजही पुस्तकांच्या कपाटात ओल शिरली की मला मामीची येसर आमटी आठवते आणि भूकही लागते, मळमळतंही.

मी मूळची पिंपळगाव रेणुकाईची. दहावीला बरे मार्क पडले तेव्हा वडिलांनी मला नवीन जालन्यात मामांकडे आणून सोडलं, अकरावी सायन्सला. मामा एका बियाण्याच्या कंपनीत होते. नवे वाण तयार करणं हे त्यांचं काम, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नाही असं सगळे म्हणायचे. स्टेशनच्या बाजूला त्यांचं चार खोल्यांचं घर होतं. मालगाडी गेली की मांडणीतले पेले किणकिणायचे आणि मामी तिकडे न बघता हात लावून ते थांबवायची. मामांनी कधी आवाज चढवलेला मला आठवत नाही. भाजी खारट झाली तरी "आज हात जड पडला वाटतं" एवढंच म्हणायचे. मला सायकल त्यांनी शिकवली, सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा त्यांनी दाखवला, तापात रात्रभर उशाशी तेच बसले. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना राक्षस ठरवून मोकळे व्हाल. ते राक्षस नव्हते. मला ते फार आवडायचे.

बैठकीच्या खोलीत भिंतीवर चेहरे होते. प्लास्टरचे, पांढरेफटक, डोळे मिटलेले. खऱ्या माणसांच्या तोंडावर प्लास्टर थापून, तो साचा काढून, त्यातून ओतलेले. भिंतीच्या डाव्या टोकाला ते सगळ्यांना माहीत असलेलं छापील चित्र चिकटवलेलं होतं: वाकून चालणारं माकड, मग जरा ताठ, मग अजून ताठ, शेवटी सरळ चालणारा माणूस. पुस्तकात ते चित्र तिथे संपतं. मामांनी ते भिंतीवरून पुढे नेलं होतं. चित्रातल्या माणसाच्या लगेच उजवीकडे मामांच्या बियाण्याच्या प्लॉटवर मजुरीला येणाऱ्यांचे चेहरे, मग गावातल्या कारागिरांचे, मग इतर कुणाकुणाचे, मग आम्हा शेतकरी नातेवाइकांचे, आणि उजव्या टोकाला दाराजवळ मामांचे वडील. त्यांच्याही पुढे स्वतः मामा. नम्रता म्हणून त्यांनी स्वतःला वडिलांपेक्षा एक बोट खाली लावलं होतं. पाहुणे आले की आधी हसायचे, मग गुपचूप आपली जागा शोधायचे. आमचे नातेवाईक ती सापडली की खूश होऊन खुर्चीत मागे रेलायचे. मजूर बायका त्या खोलीत यायच्याच नाहीत. अंगणातूनच मामीला हाक मारायच्या.

"यात राग-लोभाचा काही प्रश्नच न्हाई, शोभा," मामा मला समजावून सांगायचे. "निसर्ग निवड करतो. हजारो वर्षं ज्यांनी आपापसातच सोयरिकी केल्या त्यांचा एकेक वाण पक्का झाला. कुणी पुढं गेलं, कुणी मागं राह्यलं. ज्वारीत आपण हेच तर म्हणतो. त्यात ज्वारीचा अपमान होतो का?" घरातले बाकीचे मोठे लोक कुळाच्या आणि रक्ताच्या गोष्टी मिशीला ताव देत सांगायचे, त्यांचं मला हसू यायचं. मामा तेच हातात डोकी-नाकं मोजायचा पितळी चिमटा घेऊन, शांतपणे, पुस्तक उघडून दाखवत सांगायचे. शास्त्र म्हणून सांगितलेलं मी सगळं खरं धरायचे. वयच तसं होतं.

माझाही चेहरा त्यांनी घेतला. रविवारी सकाळी, न्हाणीच्या बाजूच्या ओट्यावर. मामीनं केसांना फडकं बांधलं, भुवयांना खोबरेल चोपडलं. मामांनी एरंडाच्या पानाचे पोकळ देठ कापून माझ्या नाकपुड्यांत घातले, श्वास घ्यायला. मग ओलं प्लास्टर कपाळापासून खाली येत गेलं. डोळ्यांवर आलं तेव्हा सगळं काळं झालं आणि ओठांवर आलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आता ओरडता येणार नाही. घट्ट होताना प्लास्टर गरम होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आत माझ्या काळजाचे ठोके आणि देठातून येणारी बारीक शिट्टी एवढंच ऐकू येत होतं, आणि फार लांबून मामांचा आवाज, "हलू नको. मी इथंच आहे." साचा निघाला तेव्हा मी रडत होते आणि मामी पदरानं माझं तोंड पुसत होती. आठवडाभरानं तयार चेहरा मला दाखवला तो एखाद्या गेलेल्या बाईचा वाटला. मामांनी तो बराच वेळ हातात फिरवला. "नाक जरा तुझ्या वडिलांकडं गेलं," ते हळहळून म्हणाले, आणि मला नातेवाइकांच्या ओळीत डावीकडचा खिळा मिळाला. तेव्हापासून त्या खोलीत अभ्यासाला बसायचं म्हटलं की मी माझ्याकडे पाठ करून बसायचे.

सुटीत मी मामांबरोबर प्लॉटवर जायचे. आमच्याच पिंपळगावच्या रानात त्यांनी कापसाच्या प्रयोगाच्या ओळी लावल्या होत्या. दुपारी उद्या उमलणाऱ्या कळ्या सोलायच्या, त्यातले पुंकेसर नखानं काढून टाकायचे, वर कागदाची लाल पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी काढून त्यावर दुसऱ्या वाणाचं फूल घासायचं आणि देठाला दोरा बांधायचा. हे काम आम्ही पोरीच करायचो, बोटं बारीक म्हणून. पुढे झाडं मोठी झाली की मामा ओळीतून एकटे फिरायचे आणि त्या वेळी त्यांच्या खांद्याला दोन रंगांच्या दोऱ्यांचे रीळ लटकत असायचे. पिवळा दोरा बांधला की त्या झाडाचं बी पुढच्या वर्षाला ठेवायचं. जांभळा बांधला की झाड वाढू द्यायचं, त्याची उंची मोजायची, बोंडं मोजायची, वजन करायचं, पण बी ठेवायचं नाही. ते झाड तिथंच संपलं. जांभळा दोरा बांधलेली झाडं कित्येकदा ओळीत सगळ्यांत देखणी असायची. मी एकदा कारण विचारलं तर मामा म्हणाले, "दोन वाणांचा संकर पहिल्या पिढीत असाच जोमानं येतो. फसायचं न्हाई. त्याच्या बियांची पुढची पिढी लावून बघ, सगळं फाकतं." ते कापसाबद्दल बोलत होते आणि कापसाबद्दल ते बरोबरच बोलत होते.

पुढे मी जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. दर वर्षी उत्क्रांतीच्या पहिल्या तासाला ते माकड-ते-माणूस चित्र फळ्यावर काढायचे आणि मुलांसमोर पुसून टाकायचे. उत्क्रांतीला वरची पायरी नसते, खालची नसते, ती कुणाला पुढे नेत नाही की मागे ठेवत नाही. ती झुडपासारखी सगळीकडे फुटत जाते आणि आज जिवंत असलेला प्रत्येक माणूस सारख्याच वयाच्या फांदीच्या टोकावर बसलेला असतो. आणि माणूस म्हणजे ज्वारी नव्हे, कुणी त्याला ओळीत पेरलेलं नसतं. मुलं माना डोलवायची, पेपरात बरोबर लिहायची. गेल्या महिन्यात त्यातल्याच एकानं, आता चांगला अधिकारी आहे, मला मोबाइलवर एक लांबलचक मजकूर पाठवला: आपल्या लोकांचा डीएनए, आपल्या कवटीचं माप, आणि 'त्यांचं' काय ते. खाली हात जोडलेले. मी इतकी संतापले की फोन उशीखाली दाबून ठेवला. मग वाटलं, हे मला नवीन कुठे आहे, त्याच भिंतीखाली बसून मी बारावी केली.

मामा-मामींना एकच मुलगी, उषाताई. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. मी आले त्याच्या आदल्या वर्षी तिनं बँकेतल्या भास्करशी लग्न केलं होतं, घरच्यांना न विचारता. भास्कर दुसऱ्या जातीचे. कोणत्या, ते मी मुद्दामच लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा लगेच भिंतीवर खिळा शोधायला लागतो. लग्नानंतर उषाताई औरंगाबादला राहायची आणि या घरात तिचं नाव निघायचं नाही. मामी कधीतरी पोळीला तूप लावताना मध्येच थांबायची तेवढंच. उषाताई मात्र शेजारच्यांच्या फोनवर मला बोलवून घ्यायची आणि दर वेळी शेवटी मामांबद्दल एकच विचारायची, "अण्णा माझं काही म्हणतात का गं?" मी नाही म्हणायचे. ती बरं म्हणायची आणि फोन ठेवायला वेळ लावायची.

तिला दिवस गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी मामा नेहमीप्रमाणे पाटावर मोड निवडत होते. चिमटा न थांबवता म्हणाले, "उषाला बाळंतपणाला आणा. पहिलं इथंच झालं पाहिजे." मामीच्या हातातली पळी आमटीत पडली. ती देवघरापुढं जाऊन बसली आणि राजूरच्या गणपतीला नवस बोलली, लेक सुखरूप मोकळी झाली की बाळाला घेऊन पायऱ्या चढीन म्हणून. मी फोनवर सांगितलं तेव्हा उषाताई रडायला लागली. "मला ठावं होतं," ती म्हणत राहिली, "अण्णा असे न्हाईतच. मला ठावं होतं."

ती आली तेव्हा मामा स्वतः स्टेशनवर गेले. भास्करांना आग्रहानं ठेवून घेतलं, बैठकीत बसवलं, त्यांच्या आई-वडिलांची, आजी-आजोबांची चौकशी केली, कोण किती उंच, कुणाचे केस कसे. भास्कर मोकळ्या स्वभावाचे, जावयाची एवढी विचारपूस होते याचंच त्यांना अप्रूप. मामांनी चेहरा घेऊ का विचारलं तर हसून म्हणाले, "घ्या की. माझा फोटो कुणी धड काढत नाही." दुसऱ्या दिवशी ते ओट्यावर आडवे पडले. उषाताई बाजूला उभी राहून त्यांना चिडवत होती. तिचा स्वतःचा चेहरा भिंतीवर आधीपासून होता, लहानपणी घेतलेला, उजव्या टोकाकडचा. भास्करांचा कुठे लागला ते सांगायला नको. पण मामांनी आणखी एक केलं. त्या दोघांच्या बरोबर मधलं अंतर दोरीनं मोजून तिथे एक नवा खिळा ठोकला. तो रिकामाच होता. मी केर काढताना रोज तो बघायचे आणि त्याच्या खालून घाईनं झाडून पुढे सरकायचे, का ते मात्र मला तेव्हा सांगता आलं नसतं. मामी म्हणायची, "कॅलेंडर लावायचं असंल."

मुलगा झाला. गोरा नाही, काळा नाही, डोकं भरून जावळ, आवाज खणखणीत. दवाखान्यातून आणून उषाताईला आतल्या खोलीत ठेवलं. बाळंतिणीची खोली म्हणून मामीनं खिडकीला जाड सतरंजी टांगली होती आणि आत दिवसाही संध्याकाळ असायची. शेगडीवर ओव्याचा आणि बाळंतशेपांचा धूर, कोपऱ्यात डिंकाच्या लाडवांचा डबा, अंधारात फक्त बाळाच्या चोखण्याचा आवाज. मामा सकाळ-संध्याकाळ यायचे. दारातच चप्पल काढायचे, हात धुऊन यायचे, पितळी चिमटा गरम पाण्यानं पुसून घ्यायचे की लेकराला गार लागू नये. मग वाकून डोक्याची लांबी, रुंदी, नाकाची रुंदी. चिमट्याची टोकं टेकली की बाळ चोखायचं थांबायचं. खोलीत काहीच आवाज उरायचा नाही. मग मामा "छान" म्हणायचे आणि जायचे. उषाताईला त्याचं कौतुक होतं. "अण्णांना दुसरं प्रेम करता येतच न्हाई गं," ती मला म्हणाली, "माझंही असंच मोजायचे."

पाचव्या दिवशी पाचवी पुजली. सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते, म्हणून पाट्याजवळ कोरा कागद आणि पेन ठेवायचं असतं. मामीनं माझ्याच वहीचा कागद घेतला. मामा दारातून बघत होते, हसले. "कोरा कागद सकाळी कोराच राहतो," म्हणाले. शेजारपाजारच्या बायका आल्या, हळद-कुंकू झालं, आणि उषाताई कितीतरी दिवसांनी पोटभर झोपली. सकाळी बाळाला न्हाऊ घालायची बाई आली, तिनं बाळुतं सोडलं आणि म्हणाली, "पायात दोरा कुणी बांधला?"

बाळाच्या उजव्या घोट्याभोवती काळा दोरा होता. मामीनं बांधला नव्हता, मी नाही, उषाताई तर झोपेतच होती. मामीनं तोंडावर हात ठेवला. "अगं, आजोबानं बांधला की," ती म्हणाली. "रातच्याला आल्ते मंग. माझ्या लेकराला दिष्ट लागू नये म्हणून." आयुष्यात कधी देवाला नारळ न फोडलेला माणूस नातवासाठी काळा दोरा बांधतो, यापेक्षा मोठा आनंद तिला माहीत नव्हता. ती तशीच ओल्या हातानं गल्लीत गेली आणि दारोदार सांगून आली. उषाताई पडल्या पडल्या तो दोरा बोटानं चाचपत होती आणि तिचे डोळे वाहत होते. मीसुद्धा रडले. भास्करांना औरंगाबादला फोन करायला मलाच पाठवलं.

परत आले तर बाईनं बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात घ्यायला माझ्या मांडीवर दिलं. अंगणात पायरीवर मी बसले. ऊन त्याच्या पायावर आलं आणि दोरा काळा नव्हता. जांभळा होता. आणि गाठ आम्ही प्लॉटवर मारायचो ती, देठ वाढला तरी काचू नये म्हणून सैल ठेवलेली, दोन वेढ्यांची. माझ्या मांडीवरचं ते गरम, तेलकट मूल एकाएकी मला फार जड वाटायला लागलं. आतल्या खोलीच्या अंधारात जांभळा काळा दिसतो एवढी साधी गोष्ट होती. घरातल्या सगळ्या बायका त्या अंधारात बसून आनंदानं रडत होत्या.

मी उषाताईला सांगितलं. न सांगण्याचा विचारही मनात आला नाही, कारण ती त्याच दोऱ्यांत वाढलेली होती, आज ना उद्या ती बाळाला घेऊन उजेडात बसलीच असती. तिनं मला फक्त एकदा विचारलं, "नक्की?" मी खिडकीवरची सतरंजी जरा सरकवली. तिनं बघितलं आणि म्हणाली, "अण्णांना बोलव."

मामा हात धुऊन आले. मामी दारात शेगडी घेऊन उभी होती.

"दोरा तुम्ही बांधला?" उषाताईनं विचारलं.

"हो."

"आईला तो दिष्टीचा वाटला. सगळ्या गल्लीला सांगून आली ती."

"मी तसं कुणाला म्हणलो न्हाई," मामा म्हणाले.

"जांभळ्याचा अर्थ काय, अण्णा?"

"तुला ठावं आहे."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मामा स्टुलावर बसले. मला ते शिकवायला बसायचे तसेच, गुडघ्यांवर हात ठेवून. "पोरगं चांगलं आहे," ते म्हणाले. "एकदम जोमदार. पहिली पिढी निघतेच तशी. त्याला खाऊपिऊ घाल, शिकव, मोठं कर, मी कशाला आडवा येणार न्हाई. लागंल ते करीन. फक्त पुढं न्यायचं न्हाई. त्याचं लग्न करू नको. पुढच्या पिढीत मागचं सगळं वर येतं, उषा. हे मी रोज डोळ्यानं बघून राह्यलो."

"म्हणून मला आणलं?"

"बघणं जरुरी होतं." त्यांच्या आवाजात कसलाही काटा नव्हता. "दुसरं कोण आपलं लेकरू मला मोजू देईल? महिन्याचा झाला की चेहरा घेऊ. नाक मोकळं ठेवून. घाबरायचं काही न्हाई."

मालगाडी गेली. मांडणीतले पेले किणकिणत राहिले, मामीनं हात लावला नाही. उषाताईनं बाळ उचललं आणि मामांसमोर धरलं. "तुम्ही याला अजून एकदाही घेतलं न्हाई," ती म्हणाली. "घ्या." मामांनी घेतलं. एक हात मानेखाली, एक खाली, अगदी नीट. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मनातून देवाची करुणा भाकत होते की त्यांनी काहीतरी बोलावं, कुठल्याही आजोबानं बोलावं तसं काहीही. त्यांनी हात जरासा वर-खाली केला. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं हसू आलं.

"चांगला भरलाय," ते म्हणाले.

उषाताईनं बाळ परत घेतलं. मला कातर आणायला सांगितली, दोरा कापला आणि तो शेगडीत टाकला. मग ऑटो बोलवायला सांगितलं. मामी आधी म्हणत राहिली की सव्वा महिना झाला न्हाई, अंगात वारं शिरंल, असं कुणी उंबरा ओलांडतं का. उषाताई बाळाला दुपट्यात गुंडाळत राहिली तशी ती आत गेली आणि लाडवांचा डबा आणि स्वतःचं एक लुगडं पिशवीत घालून बाहेर आली. "मी बी जाऊन राह्यली तिच्यासंगं," मामांकडे न बघता म्हणाली. मामांनी अडवलं नाही. फाटकापर्यंत आले, ऑटोवाल्याला खड्ड्यांतून हळू घे म्हणाले, कानटोपी पुढे ओढायला सांगितली. ऑटो सुरू झाला तेव्हा वाकून आत म्हणाले, "उषा, दर महिन्याला वजन कळवत जा."

तिनं कधीच कळवलं नाही. मामी काही महिन्यांनी परत आली. तिला दुसरं घर नव्हतं. स्वयंपाक करायची, पेले थांबवायची, पण फडताळावरच्या गुंडाळ्यांवर तिनं नंतर पाणी शिंपडलं नाही, ते मामा करायचे. राजूरचा नवस तिनं एकटीनं फेडला. मी बारावी झाल्यावर हॉस्टेलला गेले. मामा पुष्कळ जगले आणि त्यांनी नातवाला पुन्हा पाहिलं नाही. महिन्याच्या सुरुवातीला ते पोस्टमनची वाट बघत फाटकाशी उभे असायचे असं मामी सांगायची. मला त्यांची कीव येते आणि कीव आली की स्वतःचा राग येतो, इतक्या वर्षांत यापलीकडे मी गेलेले नाही. ते गेल्यावर घर आवरायला मी गेले होते. माझा चेहरा मी आणला नाही.

उषाताईचा मुलगा प्रसाद आता चाळिशीच्या पुढे आहे. त्यानं लग्न फार उशिरा केलं. त्याला कुणी काय सांगितलं होतं की नव्हतं, ते मी विचारलं नाही. गेल्या वर्षी त्याला मुलगी झाली आणि पुण्याला बारशाला मी गेले. मोठा हॉल, फुगे, लाउडस्पीकर. उषाताई आता पांढऱ्या केसांची, गुडघ्यांनी हैराण, पण नात घेऊन सगळ्यांतून मिरवत होती. माझ्यापाशी आली आणि पोरगी माझ्या मांडीवर ठेवली. पोरगी जागी होती, टक लावून बघत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि माझी नजर आधी तिच्या नाकावर गेली. रुंदी, उंची, कुणाकडचं. मग कपाळावर. मग मी दचकून वर बघितलं तर उषाताई माझ्याकडेच बघत होती.

"नाक बघितलंस ना?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"मी दवाखान्यातच बघितलं," उषाताई म्हणाली. "नर्सनं हातात दिली आणि पहिलं तेच बघितलं." तिनं वाकून पोरीचं टोपडं नीट केलं. मग प्रसाद आमच्याकडे येताना दिसला तशी माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "त्याला सांगू नको."